वगैरे कुटुंबास सप्रेम भेट

वजनमापे हे त्यांचं आडनाव नव्हतं. ते वजनमापे कार्यालयात होते, दुकानदारांचे तराजू तपासून त्यांवर शिक्का मारायचे, आणि बदली होऊन या इमारतीत राहायला आल्यावर शेजाऱ्यांनी त्यांचं खरं आडनाव बाजूला ठेवून हे नवं बहाल केलं. पुढे पोस्टाची पाकिटंही याच नावाने येऊ लागली, आणि बिनचूक पोचूही लागली, तेव्हा त्यांनी तक्रार करणं सोडून दिलं. माणसाचं आडनाव काहीही असू शकतं, हा धडा त्यांनी तिथे घेतला. पुढचा सगळा घोटाळा या धड्यापायीच झाला.

घोटाळ्याची सुरुवात स्वयंपाकघरात झाली. वजनमापे बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते, म्हणजे पेपर तोंडासमोर धरून आत काय चाललंय ते ऐकत होते. शाळा सुरू झाल्यापासून घरातल्या बातम्या त्यांना याच मार्गाने मिळत. मुलगी आठवीत, शाळा नवी, आणि त्या शाळेबद्दल तिला एक अवाक्षर विचारायचं नाही अशी त्यांना पत्नीची सक्त ताकीद होती.

ताकीद विनाकारण नव्हती. त्या शाळेत मधल्या सुट्टीत सगळी मुलं आपापल्या ठरलेल्या जागी डबा खात. जिन्याच्या पायऱ्यांवर हुशार मुलं, ती पायरीवाली. मैदानाच्या जाळीला टेकून खेळणारी, ती जाळीवाली. सभागृहातल्या लांबलचक आरशासमोर नाच, नाटक आणि केस यांत गती असलेली, ती आरशावाली. मुलीला चष्मा आहे म्हणून पहिल्या दिवशी पायरीवाल्यांनी सरकून जागा दिली. चष्मा म्हणजे हुशारी, यात त्यांना शंका नव्हती. चाचणीचे गुण लागले आणि जागा हळूहळू कमी होत गेली. मग ती उंच आहे हे जाळीवाल्यांच्या नजरेत भरलं. उंच मुलगी चेंडू टाकणारच! पहिलाच चेंडू चष्म्यावर आला आणि तोही संबंध मिटला. आरशावाल्यांनी तर तिच्याकडे आरशातूनच एकदा पाहिलं, तेवढंच.

हे कळल्यावर वजनमापे स्वस्थ बसले असते तर पुढचं काही घडलंच नसतं. ते ऑफिसच्या कपड्यांत, छातीला ओळखपत्र लावून, भर मधल्या सुट्टीत पायऱ्यांसमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बाळांनो, ही माझी मुलगी. स्वभावाने फार चांगली आहे. हिला तुमच्यात घ्या. मी खात्री देतो."

ज्या माणसाने खात्री दिली की शहरातला कुठलाही तराजू चालतो, त्याच्या खात्रीचं शाळेत असं झालं की दुसऱ्या दिवसापासून मुलीला सगळा वर्ग 'शिफारस' म्हणू लागला. ती नळापाशी उभ्याने डबा खाऊ लागली. घरी बापाशी ती अगदीच अडलं तर बोले. "बाबा, फोन," किंवा "बाबा, जरा सरका," एवढंच.

आणि त्या संध्याकाळी स्वयंपाकघरातून चक्क हसण्याचा आवाज आला. वजनमापेंनी पेपर किंचित खाली घेतला.

"अगं आई, आता मी वगैरेंबरोबर बसते डबा खायला," मुलगी सांगत होती.

"वगैरेंबरोबर?" आईही हसली. "बरं झालं बाई."

"वगैरे खूप छान आहेत गं. त्यांनी मला एकदाही विचारलं नाही की तुला काय येतं."

वजनमापेंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पेपरामागे असल्यामुळे कोणाला दिसलं नाही. या अनोळखी शहरात कोणी वगैरे नावाचं घराणं आहे, त्या घराने आपल्या पोराला किंवा पोरीला असे संस्कार दिलेत, आणि त्या लेकराने आपल्या मुलीला जवळ बसवलंय! या वगैरेंचे आभार मानल्याशिवाय आता पाणी गोड लागणार नाही, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं.

आभार हा त्यांचा हळवा विषय होता. ऑफिसात निरोप समारंभ झाला की साहेब एकेकाचं नाव घेऊन आभार मानत, आणि खुर्च्या मांडण्यापासून माईक ठीक करण्यापर्यंत राबलेल्या वजनमापेंपर्यंत येईतो त्यांचा दम संपे. "वगैरे सर्वांचे आभार," असं म्हणून ते खाली बसत. इतकी वर्षं ज्याला या शब्दाने गुंडाळलं, त्याने तरी तो ओळखायला हवा होता. पण पाण्यात साखर विरघळावी तसा हा शब्द वाक्यात विरघळून जातो, त्याच्याकडे लक्ष कोण देतं?

पत्नीला विचारायची सोय नव्हती. तिने नाही म्हटलं असतं, आणि तिचं नाही हे वजनमापे कार्यालयाच्या शिक्क्याइतकं पक्कं होतं. म्हणून ते तळमजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांकडे गेले. पोस्टमास्तरांना अख्ख्या शहराची आडनावं तोंडपाठ होती, आणि 'माहीत नाही' हे शब्द त्यांनी जन्मात उच्चारले नव्हते.

"वगैरे?" त्यांनी डोळे मिटले. "आहेत ना. दोन घरं आहेत. एक वगैरे पाण्याच्या टाकीपाशी. ते जरा तिरसट. दुसरे वगैरे बागेच्या मागे. सज्जन माणूस. तुमचे कुठले?"

"सज्जनच असणार."

"मग बागेमागचे. फाटकावर काय सुंदर पत्रपेटी आहे! माणसाची पारख पत्रपेटीवरून होते, लिहून ठेवा."

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या काकू जिन्यावरून उतरत होत्या. त्यांच्या कानावर आडनाव पडलं आणि त्या तिथेच थबकल्या.

"वगैरेबाई का? अहो, त्यांची मापं आहेत माझ्याकडे! खांद्यात रुंद आहेत. डॉक्टर आहेत बहुतेक. मुलाच्या गणवेशाला, पुढे उसवून मोठा करता यावा म्हणून, दोन बोटं जास्त माया सोडायला सांगतात. विचारी बाई."

"कुत्रा आहे त्यांच्याकडे," पोस्टमास्तर म्हणाले. काकूंना डॉक्टर माहीत असताना आपण मागे राहणं त्यांना शक्य नव्हतं. "चावतो. पण फक्त अनोळखी माणसांना."

"मी अनोळखीच की हो."

"म्हणून तर रिकाम्या हाताने जाऊ नका," काकू म्हणाल्या. "फुलं नेऊ नका, वाळतात. भिंतीवर राहील असं काहीतरी न्या."

"घड्याळ," पोस्टमास्तरांनी निकाल दिला. "नाव घालून. नाव घातलं की पुढे दुसऱ्या कोणाला खपवता येत नाही."

नावाच्या पाट्या करणाऱ्याचं दुकान ऑफिसच्या वाटेवरच होतं. वजनमापेंनी भिंतीवरचं गोल घड्याळ त्याच्यापुढे ठेवलं आणि खाली पितळी पट्टीवर काय लिहायचं ते सांगितलं. पाटीवाल्याने ते दोनदा म्हणून पाहिलं आणि मग त्याचा चेहरा उजळला.

"वगैरे कुटुंबास सप्रेम भेट! वा साहेब, मानलं तुम्हाला."

"म्हणजे?"

"म्हणजे कोणालाही देता येईल. लग्न असो, घर घेतलेलं असो, नाव बदलायची कटकट नाही. मी आता अशीच करून ठेवतो."

आपल्या निखळ भावनेचा कोणी असा व्यापारी अर्थ लावावा, याचं वजनमापेंना फार वाईट वाटलं. त्यांनी जाता जाता कुठे काटा दिसतो का म्हणून दुकानभर रोखून पाहिलं, पण पाटीवाला काही वजन करून विकत नव्हता, त्यामुळे त्यांना काही करता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून, घड्याळ रंगीत कागदात गुंडाळून ते बागेच्या मागे गेले. तिथे घर नव्हतं. पाणी उपसायच्या पंपाची खोली होती, तिच्या दारावर धोक्याची पाटी होती, आणि पाटीखाली कुत्रा होता. म्हणजे पोस्टमास्तरांच्या माहितीत कुत्रा तेवढा खरा निघाला. तो अनोळखी माणसांना चावतो हेही खरं निघालं. सुदैवाने मांडी वाचली, पण पँट मागून गुडघ्यापर्यंत उभी फाटली.

घरी जावं तर पत्नी विचारणार, ऑफिसात जावं तर साहेब हसणार. अशा वेळी माणूस जो मार्ग कधीच घेऊ नये तोच घेतो. वजनमापे घड्याळाचं खोकं दोन्ही हातांनी मागे धरून, रस्ताभर भिंतीच्या कडेकडेने चालत, मुलीच्या शाळेत आले. मुलीच्या नजरेला पडायचं नाही, ऑफिसमधून वगैरेंचा पत्ता घ्यायचा आणि मागच्या पावली बाहेर पडायचं, एवढाच त्यांचा बेत होता. मागच्या पावलीच बाहेर पडावं लागणार होतं, कारण पाठ करायची सोय नव्हती.

खिडकीत कारकून बसला होता.

"कोणाला भेटायचंय?"

"वगैरेंना. म्हणजे त्यांचा पत्ता हवाय."

"कोणाकोणाचा?"

"कोणाकोणाचा नाही, एकाच घराचा. आठवीतलं मूल आहे."

"नाव?"

"नाव ठाऊक नाही. आडनाव वगैरे."

"हां, आडनाव वगैरे जे काही असेल ते सांगा."

"तेच सांगतोय."

"काय?"

"वगैरे."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. "हे बघा, वगैरे राहू द्या. आधी मुख्य नाव सांगा, मग वगैरे मी बघतो."

"अहो, मुख्य वगैरेच आहे!"

दोघेही सरकारी पद्धतीने शिकलेली माणसं, त्यामुळे कोणीच आवाज चढवला नाही आणि कोणीच माघार घेतली नाही. शेवटी वजनमापेंनी ओळखपत्र दाखवलं. ते पाहून कारकून नरमला. त्याने पटावरच्या 'व'वर बोट ठेवलं आणि सावकाश खाली आणलं. वगैरे सापडले नाहीत. त्याने बाकीची अक्षरंही पाहिली. मग त्याचा चेहरा गंभीर झाला.

"साहेब, वगैरे पटावर नाहीत."

"असं कसं? रोज मधल्या सुट्टीत डबा खातात ते."

"म्हणजे रोज येतात, आणि पटावर नाहीत!" कारकून उठून उभा राहिला. "आठवीच्या वर्गात एक बेनोंदणीचं मूल बसतंय!"

वजनमापे "तसं नाही, तसं नाही" म्हणेपर्यंत तो मुख्याध्यापक बाईंच्या खोलीत पोचलाही होता. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. वार्षिक संमेलन तोंडावर आलेलं, त्यात हे. त्यांनी ध्वनिक्षेपकाचं बटण दाबलं आणि साऱ्या शाळेभर आवाज घुमला. "आठवीतील वगैरे यांनी ताबडतोब कार्यालयात यावे."

वजनमापे दोन पावलं मागे सरले. ज्या लेकराचे पाय धुवावेत, त्याला आपण आरोपी करून टाकलं! आता ते मूल आपल्या मुलीशी कशाला बोलेल? पुन्हा तो नळ, पुन्हा उभ्याने डबा, आणि तोही दुसऱ्यांदा आपल्याच कर्तृत्वाने. खोकं मागे धरून ते भिंतीला टेकून उभे राहिले आणि दाराकडे बघत राहिले.

दारात प्रथम एक भलाथोरला मुलगा आला. दंड असे की तो दारातून तिरका आत शिरला. त्याच्यामागून एक मुलगी आली, तिच्यासारखीच हुबेहूब दुसरी वजनमापेंनी पायऱ्यांवर पाहिलेली होती. मग तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलत असलेली एक, मग तिसरीत शोभेल एवढा एक बुटका. आणि सगळ्यांत शेवटी, चष्मा सावरत, उंच, त्यांची स्वतःची मुलगी.

तिने बाबांना पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. तेव्हा वजनमापेंना वाटलं, त्या कुत्र्याने पँटीवर थांबायला नको होतं.

"तुमच्यात वगैरे कोण?" बाईंनी विचारलं.

मग तो थोराड मुलगा एक पाऊल पुढे आला. "मॅडम, आम्ही सगळेच."

"सगळे कसे?"

तो घुटमळला. लगेच ती तोंडातल्या तोंडात बोलणारी पुढे झाली. शाळेत तिला रेडिओ म्हणत, आणि ते का, हे आता सगळ्यांना कळलं. "मॅडम, ते संमेलनाचं ठरत होतं ना, तेव्हा सर म्हणाले, पायरीवाले प्रश्नमंजूषा, जाळीवाले सामने, आरशावाले नाटक, आणि उरलेले वगैरे, त्यांनी तिकडे जाऊन खुर्च्या पुसाव्यात. मग आम्ही राहिलो होतो, तर आम्ही गेलो. मी बोलते फार म्हणून मला नाटकात घेतलं होतं, पण स्टेजवर मला एक शब्द सुचत नाही. हा पैलवान, पण याला चेंडूची भीती वाटते. ही जुळ्यांतली दुसरी, पहिली हुशार आहे म्हणून हिलापण सगळे गणित विचारतात आणि मग नाराज होतात. हा पाऊण, हा कशातच मावत नाही. आणि ही शिफारस. आम्ही खुर्च्या पुसल्या आणि मग त्यांच्यावर बसलो. तेव्हापासून आम्ही वगैरे."

कारकून पटाकडे बघत म्हणाला, "म्हणजे आडनाव नाही?"

वजनमापेंना सगळं कळलं. पाटीवाल्याचं कौतुक कळलं, पत्नीचं हसू कळलं, आणि पोस्टमास्तर काय चीज आहे तेही कळलं. जमीन पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं.

"आणि आपण?" बाई त्यांच्याकडे वळल्या. "आपलं काय काम होतं वगैरेंकडे?"

"आभार मानायचे होते," वजनमापे म्हणाले. "ही माझी मुलगी. बरेच दिवस ती नळापाशी उभ्याने डबा खात होती. मग घरी एकदा हसताना ऐकू आली. म्हणाली, वगैरेंनी जवळ बसवलं. मला वाटलं, कोणी थोर घराणं असेल. म्हणून आलो. मुलांनो, चूक झाली, नाव चुकलं. पण आभार बरोबर माणसांचेच आहेत. तुम्ही फार मोठं काम केलंत."

एवढं बोलून त्यांनी भेट द्यायला खोकं पुढे केलं. म्हणजे मागून काढून पुढे केलं. दारातून वारा आला आणि पँटीची फाटलेली बाजू हलली. भिंतीपासून ते कधी दूर सरकले होते, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

पाऊणने कागद फाडला आणि पितळी पट्टी मोठ्याने वाचली, "वगैरे कुटुंबास सप्रेम भेट." मग मान वर करून त्याने विचारलं, "कुटुंबास म्हणजे आम्हालाच ना?"

आणि मुलगी हसली. आधी नाकातून, मग तोंडावर हात धरून, मग हात काढून. शाळा सुरू झाल्यापासून ती बापासमोर पहिल्यांदा हसत होती. जुळ्यांतली दुसरीही हसू लागली, रेडिओने तर बसकणच मारली, आणि बाई खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं बघू लागल्या. वजनमापेंना आपली इतकी फजिती कधी झाल्याचं आठवत नव्हतं, आणि इतकं बरं वाटल्याचंही.

"काका, चला," पैलवान हळूच म्हणाला. "माझ्याकडे सुई आहे."

सभागृहाच्या मागे, जिथे जादा खुर्च्या रचून ठेवलेल्या असतात, तिथे वगैरेंची जागा होती. पैलवानाच्या दप्तरात पानंफुलं भरलेला एक रुमाल निघाला, अर्धाच झालेला, आणि त्यातली सुई. तो लाजला. "कोणाला सांगू नका हं. म्हणजे यांना माहितीये. बाहेर सांगू नका." मग त्या जाडजूड बोटांनी तो इतके बारीक टाके घालू लागला की पँट फाटली त्यापेक्षा शिवल्यावर चांगली दिसेल अशी वजनमापेंना आशा वाटू लागली. ते जोडून मांडलेल्या खुर्च्यांवर पोटावर आडवे, अशा अवस्थेत होते की त्यात प्रतिष्ठेचा प्रश्नच येत नव्हता. त्यांना काय येतं, ते कुठे असतात, हे कोणीही विचारलं नाही.

मुलीने डबा उघडून त्यांच्या तोंडाशी धरला. "बाबा, घ्या. अर्धा तुमचा."

"तू खा गं."

"इथे असंच असतं," ती म्हणाली. वजनमापेंनी खाल्लं.

घड्याळ तिथेच लावलं. कारकुनाने सामानाच्या वहीत त्याची नोंद केली आणि कोणासाठी या रकान्यापाशी बराच वेळ अडून, अखेर जीव मुठीत धरून 'वगैरे' असं लिहिलं. घरी पत्नीने पँटीकडे एकदा आणि नवऱ्याकडे एकदा पाहिलं.

"शाळेत गेला होतात."

"पँट शिवायला," वजनमापे म्हणाले. खोटंही नव्हतं ते.

पोस्टमास्तरांना त्यांनी सगळं सविस्तर सांगितलं. पोस्टमास्तर डगमगले नाहीत. "हे वगैरे वेगळे," ते म्हणाले. "मी म्हणतो ते वगैरे हल्ली टाकीपाशी राहायला गेलेत." शिवणवाल्या काकूंनी दुजोरा दिला.

संमेलन झालं. खुर्च्या इतक्या लख्ख पुसलेल्या होत्या की पाहुण्यांनी बसण्याआधी दोनदा पाहिलं. प्रश्नमंजूषा झाली, बक्षिसं झाली, नाटकात कोणाची तरी मिशी पडली. शेवटी मुख्याध्यापक बाई आभार मानायला उठल्या. पाहुणे, विश्वस्त, शिक्षक, सर्व विजेते, एकेकाचं नाव झालं. वजनमापे मागच्या रांगेत पत्नीशेजारी बसून सवयीने मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते. त्यांना पुढचं वाक्य पाठ होतं.

"आणि," बाई म्हणाल्या, मग थांबल्या, कागद खाली ठेवला आणि सभागृहाच्या कोपऱ्याकडे पाहिलं. "आणि वगैरे, यांचे मनापासून आभार."

कोपऱ्यात पाच जण उभे राहिले. पैलवान, दुसरी, रेडिओ, पाऊण आणि शिफारस. टाळ्या पडल्या. पायऱ्यांवरचे, जाळीवरचे, आरशासमोरचे, सगळे मागे वळून बघू लागले. तेवढ्यात मुलीने मान उंच करून मागच्या रांगेत बाबांना शोधलं आणि हाताने खूण केली. उठा.

वजनमापेंनी पत्नीकडे पाहिलं. "मी कशाला?"

"उठा की," ती म्हणाली. "तुम्हालाच म्हणतायत."

वजनमापे उठले. शिवलेली पँट एकदा मागून चाचपली, आणि हात जोडून सगळ्या सभागृहाला नमस्कार केला.